देणगीदाराच्या वडिलांची सिंफनी

पत्राचा सारांश: पत्र एका छोट्या ना-नफा संस्थेच्या विश्वस्तांचं आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या ज्या रचनांकडे मोठ्या कंपन्या फिरकत नाहीत, त्यांचं ध्वनिमुद्रण ही संस्था करते. त्यातले बहुतेक संगीतकार हयात आहेत. आजवर निघालेला प्रत्येक अल्बम अनुदानं आणि देणग्यांवर निघाला. विक्रीतून एकाचाही खर्च भरून आला नाही. आता एका जुन्या देणगीदारांनी पुढच्या दोन अल्बमचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे. अट अशी, की त्यातल्या एकात त्यांच्या दिवंगत वडिलांची सिंफनी असावी. ती एकदाच वाजली, रेकॉर्ड कधीच झाली नाही. दुसरीकडे एका फाउंडेशनकडे अर्ज करायची मुदत जवळ आली आहे, पण तिथून निम्मीच रक्कम मिळते, उरलेली संस्थेने उभी करायची. एक सहकारी म्हणतात, देणगीदारांचं ऐकलं तर पैसे मोजणाऱ्या कुणाचंही संगीत काढणाऱ्यांत आपली गणना होईल. दुसरे म्हणतात, जन्मभर हातच पसरायचा असेल तर संस्था बंद केलेली बरी. वाचक विचारतात, 'देणगीदारांना हो म्हणावं का? आणि आम्ही स्वतःच्या पायावर कधी उभे राहणार?'

उत्तर:

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच अडकलं आहे.

स्वतःच्या पायावर म्हणजे विक्रीच्या पैशावर, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. अनुदान हा तात्पुरता टेकू, आपण नीट काम केलं तर तो एक दिवस काढून टाकता येईल, आणि अजून काढता आला नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असा सूर तुमच्या पत्रात आहे. माझा सरळ प्रश्न आहे, या क्षेत्रात विक्रीवर उभं असलेलं कोण पाहिलंत तुम्ही? लोकप्रिय सिंफन्यांची आणखी एक आवृत्ती काढणाऱ्यांचं सोडा. न ऐकलेलं संगीत काढणाऱ्यांबद्दल विचारते आहे.

हिशोब मांडून पाहा. तुमचा सगळा खर्च पहिल्या श्रोत्याच्या कानावर पहिला सूर पडण्याआधी होऊन गेलेला असतो. सभागृहाचं भाडं, वादकांचं मानधन, कंडक्टर म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक, रेकॉर्डिंग प्रोड्यूसर, साउंड इंजिनिअर, प्रकाशकाकडून भाड्याने आणलेले स्वरलिपीचे भाग, मग आठवडेच्या आठवडे एडिटिंग. ब्रिटनमध्ये वादकांच्या करारांचा रुळलेला हिशोब असा, की तीन तासांच्या एका सत्रातून साधारण 20 मिनिटांचं वापरण्याजोगं संगीत निघावं. म्हणजे चाळीस मिनिटांच्या सिंफनीला किमान दोन सत्रं, आणि रचना नवी व अवघड असेल तर आणखी. ऐंशी वादक बसलेले असताना घड्याळ कसं पळतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

आणि जमेची बाजू? स्ट्रीमिंगवर एखादा ट्रॅक तीस सेकंद वाजला की एक श्रवण मोजलं जातं. अडीच मिनिटांचं गाणं असो की पंचवीस मिनिटांचा संथ खंड, मोजदाद तीच. 2024 पासून स्पॉटिफायने आणखी एक नियम लावला: मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही. तुमच्या यादीतले कितीतरी ट्रॅक त्या रेषेखाली असणार. यात तुमच्या कामाच्या दर्जाचा संबंध नाही. ही मोजपट्टी मुळात दुसऱ्याच कापडासाठी बनली आहे.

बरं, पूर्वी तरी हे संगीत विक्रीवर जगत होतं का? 1931 मध्ये एचएमव्हीसारख्या बलाढ्य ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीलाही हुगो वोल्फ या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या गीतांच्या तबकड्या आपल्या जोखमीवर काढायचा धीर झाला नाही. कंपनीतल्याच वॉल्टर लेग यांनी शक्कल काढली: आधी वर्गणीदार गोळा करायचे, पुरेसे पैसे जमले की मगच रेकॉर्डिंग. हुगो वोल्फ सोसायटी अशी उभी राहिली. पुढे 1932 ते 1935 या काळात पियानोवादक आर्थर श्नाबेल यांनी बीथोवेनच्या सगळ्या 32 पियानो सोनाटा रेकॉर्ड केल्या. सगळ्या सोनाटांचं ते पहिलंच संपूर्ण ध्वनिमुद्रण, आणि तेही अशाच वर्गणीदारांच्या जिवावर. बीथोवेनसाठीसुद्धा आधी पैसे मागावे लागले, तर तुम्ही मान खाली घालायचं कारण मला दिसत नाही.

तेव्हा 'आम्ही आधाराशिवाय कधी चालणार' हा प्रश्न बाजूला ठेवू या. मला जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. तुमचा आधार एका जागी किती गोळा झाला आहे?

अमेरिकेतल्या लुइव्हिल ऑर्केस्ट्राला 1953 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने 4 लाख डॉलर दिले. नव्या रचना लिहून घ्यायच्या, वाजवायच्या आणि रेकॉर्ड करायच्या, यासाठी. एका मध्यम शहरातल्या वाद्यवृंदाने जगभरच्या संगीतकारांकडून धडाधड रचना मागवल्या, आपल्या लेबलवर त्यांच्या तबकड्या वर्गणीदारांना पोचवल्या. विसाव्या शतकातल्या कित्येक रचना प्रथम ऐकायला मिळाल्या त्या या तबकड्यांवर. पण नव्या रचना मागवण्याचा तो वेग त्या अनुदानाचा होता, आणि अनुदानाबरोबरच तो ओसरला.

ब्रिटनमधल्या एनएमसीचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. संगीतकार कॉलिन मॅथ्यूज यांनी 1989 मध्ये ही धर्मादाय संस्था हयात ब्रिटिश संगीतकारांची ध्वनिमुद्रणं काढायला सुरू केली. पाठीशी होतं होल्स्ट फाउंडेशन, आणि त्या फाउंडेशनचं उत्पन्न म्हणजे गुस्ताव होल्स्ट यांच्या संगीताची रॉयल्टी. एका दिवंगत संगीतकाराची लोकप्रियता नव्या पिढीच्या न खपणाऱ्या संगीताला पोसत होती. याहून चांगला आश्रयदाता मिळणं कठीण: रसिक, दिलदार, ढवळाढवळ न करणारा. पण होल्स्ट गेले 1934 मध्ये. मृत्यूनंतर 70 वर्षांनी, म्हणजे 2004 च्या अखेरीस, त्यांच्या संगीतावरचा स्वामित्वहक्क ब्रिटनमध्ये संपला आणि तो झरा आटत गेला. एनएमसी टिकली, कारण तिने सार्वजनिक अनुदान, इतर न्यास आणि वैयक्तिक देणगीदार जोडले. इथे कुणाची नियत वाईट नव्हती. कॅलेंडरवर तारीख होती, इतकंच.

तुमच्या देणगीदारांचा प्रस्ताव या नजरेने वाचा. दोन्ही अल्बमचा सगळा खर्च! ऐकायला केवढं सुख. पण त्या काळात तुम्ही दुसरा अर्ज लिहिणार नाही, दुसऱ्या कुणाला फोन करणार नाही. दोन अल्बम निघाल्यावर मागे वळून पाहाल तेव्हा ओळखीतले बाकीचे लोक पांगलेले असतील आणि एकच दार उरलेलं असेल. मिंधेपणा सुरू होतो तो तिथे, वडिलांच्या सिंफनीपाशी नाही.

आता तुमच्या पहिल्या सहकाऱ्यांकडे येते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यांनी पैशाचे दोन वर्ण पाडलेत: फाउंडेशनचा पैसा सोवळा, माणसाचा ओवळा. फाउंडेशनचा पैसा येतो कुठून? कोलंबिया विद्यापीठाचा ॲलिस डिटसन निधी 1940 पासून अमेरिकी संगीताला मदत करतो आहे. त्याचं मूळ एका संगीत प्रकाशकाच्या पत्नीच्या मृत्युपत्रात आहे. अमेरिकी संगीतकार ॲरन कोपलंड 1990 मध्ये वारले; त्यांच्या नावाचा निधी त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून चालतो आणि समकालीन अमेरिकी संगीताच्या रेकॉर्डिंगला पैसे देतो. हेही कुणाचे तरी खासगी पैसे, कुणाची तरी आवड. फरक एवढाच की देणारा आणि घेणारा यांच्या मध्ये एक समिती बसली आहे. ती स्वरलिपी वाचते, नमुने ऐकते, नाही म्हणू शकते. पैशाला सोवळेपण येतं ते या समितीमुळे. ती तुम्हालाही नेमता येईल. तिला वर्षानुवर्षं जमा झालेली मालमत्ता लागत नाही.

शिवाय सरकारी किंवा संस्थात्मक अनुदान म्हणजे भरवशाचं, या समजुतीलाही 2025 च्या मे महिन्यात चांगलाच धक्का बसला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने आधी मंजूर केलेली अनेक अनुदानं एकाएकी रद्द केली. मंजुरीपत्रावर विसंबून तारखा ठरवलेल्या संस्थांची काय धावपळ उडाली असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट. लांबलचक पत्र आहे, देणगीदारांचा स्वभाव आहे, सहकाऱ्यांचे वाद आहेत, फाउंडेशनची मुदत आहे. त्या सिंफनीबद्दल मात्र एक ओळ नाही. ती कशी आहे? तुमच्यापैकी कुणी स्वरलिपी उघडली आहे का? एकमेव प्रयोगाची साधी टेप तरी कुणाकडे आहे? 'देणगीदाराच्या वडिलांची' एवढीच तिची ओळख पत्रात आहे, आणि तेवढ्यावरच एक जण तिला नाकारतो आहे. न वाजणाऱ्या संगीताची बाजू घ्यायला तुमची संस्था निघाली. मग एकदाच वाजून कपाटात गेलेल्या सिंफनीला न ऐकताच दाराबाहेर ठेवणं मला तरी विसंगत वाटतं. दिवंगत संगीतकाराची आठवण ठेवणारं शेवटचं माणूस बहुतेक वेळा घरातलंच असतं. वारसांनी पैसे घातले म्हणून कपाटाबाहेर आलेलं चांगलं संगीत कमी नाही. वारसांनी पैसे घातले म्हणून निघालेलं सुमार संगीतही कमी नाही, हे तुमच्या सहकाऱ्यांना मान्य करून टाका.

म्हणून आधी स्वरलिपी मागवा. संस्थेबाहेरच्या दोन जाणत्यांना द्या. एखादा कंडक्टर, एखादा संगीतकार. पैसे कोण देतंय हे त्यांना कळू देऊ नका, आणि वाचण्याचं मानधन द्या, म्हणजे भिडेखातर गोड बोलणं टळेल. ज्या सहकाऱ्यांचा विरोध आहे त्यांनाच या कामाचं प्रमुख करा. त्यांच्या कडकपणाचा खरा उपयोग इथे आहे. मग विश्वस्तांच्या बैठकीत एकच प्रश्न ठेवा: हा देणगीदार नसता, तर या रचनेसाठी आपण एखाद्या फाउंडेशनकडे अर्ज लिहिला असता का?

उत्तर हो आलं तर संकोच कसला? काढा. पुस्तिकेत स्पष्ट छापा की या ध्वनिमुद्रणाला संगीतकाराच्या कुटुंबाने अर्थसाहाय्य केलं आहे. लपवलेली गोष्टच पुढे वास मारते.

उत्तर नाही आलं तर देणगीदारांना प्रत्यक्ष भेटून सांगा, ईमेलवर नको. आणि फाउंडेशनकडून तुमचा निकाल यायच्या आधी सांगा. तिकडून होकार आल्यावर दिलेला नकार उद्दाम वाटतो, नकार आल्यावर तो देण्याचं धैर्य उरत नाही.

बहुतेक वेळा उत्तर मधलं येतं. पहिला खंड सुंदर, शेवटचा पसरट, असं काहीतरी. अशा वेळी विचारा, त्यांनी आणखी काय लिहिलं होतं? सिंफनी लिहिणाऱ्याच्या फायलीत एखादं स्ट्रिंग क्वार्टेट, काही गीतं सापडतातच. चार वादकांचं उत्तम क्वार्टेट काढायला खर्चही कमी लागतो आणि संगीतकाराची बाजू जास्त चांगली मांडली जाते. सिंफनीच हवी असा हट्ट असेल तर एखाद्या वाद्यवृंदाकडून कुटुंबापुरतं संग्रहासाठी रेकॉर्डिंग करून द्यायला मदत करा, पण तुमच्या लेबलशिवाय. मुलाला वडिलांचं संगीत ऐकायला मिळणं ही एक गोष्ट आणि तुमच्या यादीत त्याला जागा मिळणं ही दुसरी. देणगीदारांनाही हा फरक कळेल. तो त्यांना आजवर कुणी समजावून सांगितलेला नसतो, एवढंच.

आता पैशाची रचना. देणगीदार की फाउंडेशन, असा पेच तुम्ही मांडला आहे. मला तो पेच दिसतच नाही. फाउंडेशन निम्मी रक्कम देतं आणि उरलेली तुम्ही दाखवायची आहे. तुमच्याकडे एक देणगीदार पैसे घेऊन उभे आहेत. त्यांना सांगा, 'दोन्ही अल्बमचा सगळा भार घेऊ नका. दुसऱ्या अल्बमसाठी जुळती रक्कम म्हणून तुमची हमी द्या. तुमच्या पैशामुळे बाहेरचे तेवढेच पैसे येतील.' व्यवहारी देणगीदाराला हे ऐकायला आवडतं. आपला पैसा दुप्पट होतोय असं त्याला वाटतं, आणि ते खरंही असतं. मात्र अर्जाची नियमावली बारकाईने वाचा. जुळती रक्कम रोख हवी की वादकांची विनामूल्य सेवाही चालते, रेकॉर्डिंग आधीच झालेलं असलं तर चालतं का, हितसंबंध जाहीर करायचे आहेत का. वडिलांची सिंफनी असलेला अल्बम त्या अर्जात घालू नका. आणि पैसे नेमके केव्हा येतात ते पाहा. अनेक ठिकाणी अनुदानाचा मोठा हिस्सा काम झाल्यावर, पावत्या दाखवल्यावर मिळतो. वादकांना मात्र त्या आठवड्यात द्यावे लागतात. मधल्या काळाची सोय नसेल तर मंजूर झालेलं अनुदानही गळ्याशी येतं.

(स्वतःचा अल्बम काढू पाहणाऱ्या एकट्या वादकांसाठी: पुष्कळ निधी व्यक्तीला थेट पैसे देत नाहीत, ना-नफा संस्थेमार्फतच देतात. तेव्हा आधी संस्था शोधा, मग सभागृह.)

दुसरी गोष्ट देणगीदारांकडे मागा ती याहून रटाळ आहे, आणि म्हणूनच कुणी मागत नाही. नव्या अल्बमला पैसे मिळतात. तिथे नाव छापता येतं, प्रकाशन समारंभ असतो. जुना अल्बम उपलब्ध ठेवायला दमडी मिळत नाही. मूळ फाइल्सच्या प्रती, वितरकाचं शुल्क, संगीतकारांना रॉयल्टीचे हिशोब, नावं-तारखांच्या दुरुस्त्या, हिशोबनीस. हे सगळं तुम्ही आत्ता कुठून भागवता? माझा अंदाज, तुमच्यापैकी कुणाच्या तरी रविवारांतून. यापुढे प्रत्येक अल्बमच्या अंदाजपत्रकात 'पुढच्या दहा वर्षांची देखभाल' अशी एक ओळ असू द्या. एखादं फाउंडेशन ती खोडेल. खोडू दे. वैयक्तिक देणगीदार ती भरू शकतो, कारण त्याला नियमावली आड येत नाही.

ही देखभाल किती मोलाची आहे हे पाहायचं तर सीआरआय या अमेरिकी रेकॉर्ड लेबलचा इतिहास पाहा. ओटो ल्युनिंग, डग्लस मूर आणि ऑलिव्हर डॅनिएल यांनी 1954 मध्ये कंपोझर्स रेकॉर्डिंग्ज इन्कॉर्पोरेटेड सुरू केली. धोरण असं, की एकदा काढलेली तबकडी यादीतून काढायची नाही. मोठ्या कंपन्या न खपणाऱ्या तबकड्या निकालात काढत होत्या, त्या काळात हा हट्ट होता. 2003 मध्ये सीआरआय बंद पडली. तरीही ती ध्वनिमुद्रणं आज मिळतात, कारण न्यू वर्ल्ड रेकॉर्ड्स या दुसऱ्या ना-नफा संस्थेने तिचा संग्रह ताब्यात घेतला. आणि न्यू वर्ल्ड कशी जन्मली? 1975 मध्ये, रॉकफेलर फाउंडेशनच्या अनुदानातून, अमेरिकी संगीताचा 100 एलपींचा संच काढून ग्रंथालयांना वाटण्यासाठी. विकण्यासाठी नाही, वाटण्यासाठी.

बंद करू या म्हणणाऱ्या तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांना हे वाचून दाखवा आणि विचारा, बंद केलीत तर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणं, कुणाकडे जातील? संगीतकारांशी केलेले करार कोण पाळेल? याचं लेखी उत्तर तयार नसेल तर बंद करायचीही तुमची तयारी झालेली नाही. ते उत्तर संस्था जोरात चालू असतानाच लिहून ठेवायचं असतं. एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाशी किंवा मोठ्या संस्थेशी आत्ताच बोलून ठेवा.

खर्च कमी करायचे मार्ग तुम्ही विचारलेले नाहीत, तरी एक सांगते. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने 2000 च्या सुमारास स्वतःचं लेबल काढलं. मैफलीतच रेकॉर्डिंग करायचं आणि वादकांना उत्पन्नात वाटा द्यायचा, असा त्याचा पाया. तुम्हाला यातलं अर्धंच जमेल. मैफलीला जोडून रेकॉर्डिंग केलंत तर तालमीचा खर्च वाटला जातो, फक्त खोकला-ठोकला गाळायला एक दुरुस्तीचं सत्र धरून ठेवा. वाट्याचं मात्र करू नका. न येणाऱ्या उत्पन्नातला वाटा देणं म्हणजे वादकांकडून सक्तीची देणगी घेणं.

आणि लेग यांची वर्गणीदारांची युक्ती आजही चालते. वर्षाला दोन अल्बमसाठी आगाऊ पैसे भरणारे शे-दीडशे लोक तुमचा खर्च भागवणार नाहीत. पण एक मोठा देणगीदार रुसला तरी वितरकाचं बिल त्यांच्यामुळे भरलं जाईल. फाउंडेशनच्या अर्जात श्रोते कोण हा रकानाही रिकामा राहणार नाही.

देणगीदारांशी जे ठरेल ते कागदावर आणा, स्नेह कितीही जुना असला तरी. मास्टरची मालकी संस्थेची. एकाच भागाच्या अनेक मुद्रणांपैकी कोणतं, म्हणजे कोणता टेक, घ्यायचा हे प्रोड्यूसर आणि कंडक्टर ठरवतील. एडिटिंगच्या खोलीत कुटुंबाला बसता येणार नाही, पण सत्राला पाहुणे म्हणून अवश्य बोलवा. सत्र काही कारणाने रद्द झालं तर झालेला खर्च कुणाचा, तेही लिहा. आणि दिवंगत संगीतकाराच्या स्वरलिपीचे हक्क नेमके कुणाकडे आहेत ते आधी तपासा, भावंडं असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या. रक्कम सभागृहाची तारीख पक्की करण्याआधी संस्थेच्या खात्यात जमा झालेली असू द्या. नुसत्या हमीवर ऐंशी वादक बोलावू नका.